खिडकीशेजारचं छोटं चाक

६ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,
आशीर्वाद.

फोनवर मला बोलता येत नाही हे तू जाणतोस. म्हणून लिहितो.

तुझ्या ताईची कॅमेऱ्याची बॅग काल उघडली. तिला जाऊन आता तिसरा महिना चालू आहे. ती गेली तेव्हा घाईत फक्त कार्ड काढून परत टाकलं होतं, तेव्हापासून बॅग दाराच्या मागे तशीच लटकत होती. बॅटरी चार्ज केली, कॅमेरा चालू झाला.

आमच्या खिडकीसमोर पाण्याची टाकी आहे. तिच्या कठड्यावर सकाळी घार येऊन बसते. ताई रोज तिचा फोटो काढायची. आता ती घार मी एकटाच बघतो, म्हणून वाटलं, ताईचं काम चालू ठेवावं. दहा-बारा फोटो काढले. सगळ्यांत काळा गोळा आणि मागे पांढरं आभाळ. गोळाही हललेला. तीन प्रिंट सोबत पाठवतो. काय चुकतं ते लिही. लेन्स तीच, लांबची जड. सेटिंग तिनं ठेवलेलंच आहे, मी हात लावलेला नाही.

आणखी एक. कॅमेऱ्याला डोळा लावायच्या खिडकीतून मला स्वच्छ दिसतं. तुला आठवत असेल, ताईचा नंबर मायनस साडेतीन. फोटो काढताना काच मध्ये येते म्हणून ती चष्मा काढून गळ्यातल्या दोरीला सोडायची आणि खिडकीशेजारचं, डोळ्याचा नंबर जुळवायचं छोटं चाक पार मायनसच्या टोकाला ठेवायची. कधी मी हौसेनं डोळा लावला तर मला नुसता ढग दिसायचा, कारण मला लांबचा नंबर नाही. "चाक फिरव की जरा," म्हटलं तर म्हणायची, "चाकाला हात लावायचा नाही. तुमचं एक मिनिट होतं, माझा अर्धा तास जातो परत जुळवण्यात."

मग आता ते चाक शून्यावर कसं? शेवटी हा कॅमेरा कोणी वापरला?

तुझा,
भाऊजी


१५ फेब्रुवारी

ती. भाऊजींना,
नमस्कार.

तुम्ही कॅमेरा हातात घेतलात हे वाचून इतकं बरं वाटलं की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, तुम्ही वीस वर्षं मागे लागलात तेव्हा ऐकलं नाही त्यांनी."

प्रिंट पाहिल्या. आधी दोष ऐका, मग उपाय. घारीमागे उजळ आभाळ आहे. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, म्हणून तो सगळंच काळवंडून टाकतो. एक्स्पोजरचं बटण दाबून प्लस एकवर न्या. दुसरं, शटर स्पीड पाचशेच्या खाली येऊ देऊ नका. लेन्स जड आहे आणि तुम्ही कॅमेरा तुमच्या प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीसारखा हलवून मग फोटो काढता असं दिसतंय! आयएसओ ऑटोवर सोडा. फोकसचा एकच ठिपका ठेवा, मधला, आणि तो घारीच्या डोळ्यावर. खिडकीची काच उघडून फोटो काढा. काचेतून घेतलेला फोटो आणि उष्टा चहा, दोन्ही पाहुण्याला देऊ नयेत.

आणि भाऊजी, नवीन लेन्स घेऊ का असं पुढच्या पत्रात विचारू नका. सगळे हौशी तिथेच घसरतात. फोटो बिघडला की दोष सामानाला.

चाकाचं म्हणाल तर काही विशेष नाही. बॅगेत घासून फिरलं असेल. ही चाकं अशीच असतात.

तुमचा,
खटपट्या


२४ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

प्लस एक केलं. घारीची पिसं दिसू लागली. एक फोटो तुला आवडेल, सोबत आहे. आभारी आहे.

पण चाक बॅगेत घासून फिरलं, हे पटत नाही. मी त्याला आज नखानं फिरवून पाहिलं. फिरत नाही. ते आधी बाहेर ओढावं लागतं, तेव्हा कुठे फिरतं, आणि मग परत आत दाबावं लागतं. जागच्या जागी राहावं म्हणूनच तशी सोय केली असणार. म्हणजे ते कोणीतरी मुद्दाम ओढून फिरवलं आहे. तू वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. वस्तू कशी फिरते आणि कशी फिरत नाही हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक. तरी असं का लिहिलंस?

दुसरं. कार्डावरचे सगळे फोटो मी कॉम्प्युटरवर ओळीनं पाहिले. गेली दोनेक वर्षं तिचे फोटो निळसर होत गेलेले आहेत. टाकीची पांढरी भिंत निळी, माझा पांढरा शर्ट निळा. पाहिलं तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचं सेटिंग, निळ्याकडे ढकललेला, आणि दर काही महिन्यांनी थोडा आणखी. मला तेव्हा वाटायचं, ही तिची कला असेल. पण ती तुझ्याकडून परत आल्यानंतरचे फोटो वेगळे आहेत. ती लेन्स दाखवायला तुझ्याकडे आली होती आणि दिवस वाढवत राहिली होती, ते आठवत असेल. त्यानंतरच्या फोटोंत पांढरं ते पांढरं. सेटिंग ऑटोवर. चाकही शून्यावर.

आमच्या प्रयोगशाळेत एका विहिरीच्या दोन नमुन्यांत इतका फरक आला तर आम्ही म्हणतो, दुसरी बाटली दुसऱ्या विहिरीची आहे.

तुझ्याकडे असताना कॅमेरा कोणाच्या हातात होता?

भाऊजी


५ मार्च

ती. भाऊजींना,
नमस्कार.

घारीचा फोटो फ्रेम करून कामाच्या टेबलावर ठेवला आहे. गिऱ्हाईक विचारतात, कोणी काढला? मी म्हणतो, आमच्या भाऊजींनी, आणि तेही नव्या लेन्सशिवाय.

तुम्ही विचारलंत म्हणून आठवून लिहितो. ताईच्या लेन्समध्ये बुरशी धरली होती. तिला सगळं धूसर दिसत होतं म्हणून तर ती घेऊन आली. मी ती माझ्या ओळखीच्या कारागिराकडे दिली. त्यानं उघडून साफ केली. तपासताना त्यानंच चाक आपल्या डोळ्याला जुळवलं असेल. रंगाचं सेटिंग मी बदलायला सांगितलं होतं. इतकंच.

आता पुढचा धडा. ट्रायपॉडवर लावलात की लेन्सवरचं हाताची थरथर सावरणारं बटण बंद करा. नाहीतर यंत्र उगाच नसलेली थरथर शोधत बसतं आणि स्वतःच हलतं. संशयी माणसासारखं, बायको म्हणते. मी नाही हो म्हणत.

तुम्ही इकडे या ना चार दिवस. उन्हाळ्याच्या आत.

खटपट्या


१४ मार्च

खटपट्या,

ट्रायपॉडची थट्टा समजली.

मागच्या पत्रात तू दोनदा खोटं बोललास. बुरशीचं आधी. ताई परत आली त्याच संध्याकाळी मी विचारलं होतं, लेन्स झाली का साफ? ती म्हणाली, "लेन्सला काहीच झालं नव्हतं हो." आणि हसली. मला ते हसणं लक्षात आहे, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आता कारागीर. त्यानं तपासताना चाक फिरवलं असं धरू. मग घरी आल्यावर नेहमीसारखा चष्मा काढून बघताना ताईला त्यातून ढग दिसला असता आणि तिनं ते परत मायनसला नेलं असतं. नेलेलं नाही. उलट परत आल्यापासून शेवटपर्यंत कार्डावर शेकडो फोटो आहेत आणि ते तिच्या आधीच्या कुठल्याही फोटोंपेक्षा रेखीव आहेत. म्हणजे ज्याच्या डोळ्याला ते चाक जुळलेलं होतं, त्यानं ते काढले. ज्याला मायनसचा नंबर नाही अशा कोणीतरी. माझ्या घरात.

मी खुर्चीत पेपर वाचताना. मी दाढी करताना, पाठमोरा. मी झोपलेलो, तोंड उघडं. हे फोटो काढताना कोण उभं होतं माझ्या खोलीत? मी प्रयोगशाळेत असायचो त्या दुपारचे तर आणखी कितीतरी. आणि एक तिचा स्वतःचा. खिडकीशी, चष्मा घातलेली, समोर बघून हसणारी. तिनं जन्मात कोणाला आपला फोटो काढू दिला नव्हता. ती गेली तेव्हा लावायला फोटो मिळेना, म्हणून मी घाईत कार्ड दुकानात दिलं आणि त्यांनी हाच निवडून मोठा करून दिला. आज भिंतीवर तोच आहे. तो कोणी काढला, हा प्रश्न मला कालपर्यंत पडला नव्हता. आता त्या भिंतीकडे बघवत नाही.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. तुझ्याकडून आल्यावर ती बदलली होती. चाळीस वर्षं न दिसलेलं कोळ्याचं जाळं तिला एका दिवसात दिसलं. माझ्या कॉलरचा मळ दिसला. "तुमच्या कानावरचे केस किती पांढरे झालेत," म्हणाली, जणू मला प्रथमच बघत होती. कोणाशी तरी ताडून बघावं तशी. आणि चहाला बसलं की माझ्याकडे टक लावून बघत राहायची. मी "काय?" विचारलं की "काही नाही" म्हणायची आणि तरी बघत राहायची. मनात काही असलेलं माणूस असं बघतं.

ऑफिसातल्या एकाला कॅमेरा हवा आहे. पुढच्या रविवारच्या पलीकडच्या रविवारी तो येईल. देण्याआधी कार्ड पुसून टाकणार आहे, सगळंच. त्याआधी तुला काही खरं लिहायचं असेल तर लिही.

भाऊजी


१९ मार्च

भाऊजी,

पाया पडतो, कार्ड पुसू नका.

तिसरं कोणी नव्हतं. तुमच्या घरात नाही आणि माझ्याही नाही. खिडकीतला फोटो तिनं टायमर लावून काढला. बाकीचे सगळे तिचेच. माझ्या गळ्याची आण.

यापुढे मला लिहिता येत नाही. तिनं मला शपथ घातली होती की तुम्हाला आपण होऊन सांगायचं नाही. आणि आता ती नसताना सांगणं तर आणखीच अवघड आहे. तुम्ही समजता तसं काही नाही. ते असतं तर कदाचित सांगायला सोपं गेलं असतं.

कार्ड ठेवा. कॅमेरा हवा तर द्या.

खटपट्या


२३ मार्च

टायमरचं पाहिलं. तू म्हणतोस तसं असेलही. मायनस साडेतीनच्या डोळ्याला शून्याच्या चाकातून दिसत नाही, तेव्हा बाकीच्यांचं काय?

नवऱ्याला सांगू नको अशी शपथ बायको भावाला घालते, त्याचा अर्थ मी लावायचा नाही असं तुझं म्हणणं. बरं. रविवार ठरलेला आहे.


२६ मार्च

ती. भाऊजींना,
शि. सा. न.

मी तुमच्या मेहुण्याची बायको. आजवर तुम्हाला पत्र लिहिलं नाही, पण हे आमचे गेले आठ दिवस धड जेवत नाहीत आणि तुमची पत्रं पुनःपुन्हा काढून वाचतात. शपथ यांना घातली होती, मला नाही. म्हणून मी लिहिते.

ताईंच्या लेन्समध्ये बुरशी नव्हती. हे तुमच्याशी खोटं बोलले. ताई आल्या तेव्हा म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, लेन्स धूसर होत चालली आहे, रंग पिवळे येतात, मी निळा वाढवून वाढवून थकले." यांनी ती लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावून फोटो काढला. लख्ख! मग आपली लेन्स त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "ही पण खराब आहे." तेव्हा यांनी विचारलं, "ताई, जगातल्या सगळ्या लेन्स एकदम कशा गं खराब झाल्या?"

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. फोटो काढायचा डोळा तोच. तुम्हाला कळवू म्हटलं तर ताईंनी फोन हातातून काढून घेतला. म्हणाल्या, "त्यांच्या आईचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हापासून डोळ्याचा विषय काढला की ते उठून आत जातात. मी दोन वर्षं सांगते आहे, दिसत नाही. ते म्हणतात चष्मा बदलू. आता होऊन जाऊ दे, मग कळेलच."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. म्हणून तर दिवस वाढले. त्या डोळ्याचा नंबर गेला, पार शून्य, म्हणून कॅमेऱ्याचं चाकही त्यांनीच शून्यावर आणलं. डाव्याचा तसाच होता, तो नंतर करायचा होता. म्हणून चष्म्याची उजवी काच साधी बसवून घेतली. भाऊजी, मायनसच्या काचेमागे डोळा बारीक दिसतो. त्यामुळे ताईंचा डावा डोळा बारीक आणि उजवा मोठा दिसायला लागला. आरशात बघून त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, "आता घरी त्यांना सांगायचंच नाही. बघू या, कधी ओळखतात. पाण्यातला कण दिसतो त्यांना, रोज समोर बसून चहा पितात, दोन दिवसांत पकडतील मला." आणि यांना शपथ घातली, "तू आधी फोडलंस तर माझी गंमत जाईल."

मग दर रविवारी फोन यायचा. "अजून नाही!" म्हणायच्या आणि आम्ही तिघंही हसायचो. "आज अगदी उजेडात बसले होते, तरी नाही." "आज चष्मा पुसायला त्यांच्याच हातात दिला, तरी नाही." पुढे पुढे मी विचारलं की त्या विषय बदलायच्या. यांना म्हणाल्या होत्या, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी सांगते. त्याआधीच त्यांचं हृदय थांबलं.

तुम्हाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून हे बुरशी आणि कारागीर आणत बसले. तुम्हाला आमच्यावर रागवायचं असेल तर रागवा. ताईंवर नको.

चष्मा तुमच्याकडेच असेल. पेटी उघडा आणि दोन्ही काचा बोटांनी चाचपून बघा.

आपली,
मेहुण्याची बायको


३ एप्रिल

प्रिय दोघांना,
आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. चष्म्याची पेटी तिच्या उशाच्या खणात होती. मी ती चार महिन्यांत उघडली नव्हती. कॅमेरा उघडला, कार्ड उघडलं, लेन्सच्या टोप्या उघडल्या, ही पेटी तेवढी राहिली.

चष्मा पेपरवर धरला. डाव्या काचेखाली अक्षरं लहान होतात. उजव्या काचेखाली जशीच्या तशी राहतात. मी दोन-तीनदा धरून पाहिला. सवय आहे म्हणून. पहिल्या वेळीच कळलं होतं.

मग भिंतीवरचा फोटो पाहिला. उजवा डोळा मोठा, डावा बारीक. दारातून दिसतं. भेटायला आलेल्या माझ्या बहिणीला दाखवलं तर ती म्हणाली, "मला वाटलं फोटोच तसा आला असेल, म्हणून बोलले नाही." फोटोत हसताना ताई समोर बघते आहे, म्हणजे टायमरच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघते आहे. फोटो मला दाखवायसाठीच काढला असावा. म्हणजे तसं नाहीच कळलं तर तो समोर ठेवायचा, असं काहीतरी.

ती डोळ्यांत थेंब घालायची ते मला आठवलं. मी धूळ समजलो होतो. टक लावून बघायची त्याबद्दल, खटपट्या, मी तुला जे लिहिलं ते फाडून टाक. ती वाट बघत होती.

दाढीचा, पेपरचा, झोपेतला, ते सगळे फोटो परत पाहिले. तिच्या इतक्या वर्षांच्या फोटोंत मी फारसा कुठे नाही. पक्षी आहेत, टाकी आहे. शेवटच्या त्या दिवसांत मात्र घारीपेक्षा मीच जास्त आहे. कानावरचे केससुद्धा मोजता येतात. ती खोटं बोलत नव्हती, फारच पांढरे झालेत.

रविवारच्या माणसाला येऊ नको सांगायचं सुचलंच नाही. तो आला. चांगला माणूस आहे, जाड चष्म्याचा. कॅमेरा हातात घेतला, लेन्सचं वजन पाहिलं, चष्मा काढून डोळा लावला. म्हणाला, "धूसर दिसतंय, लेन्समध्ये काही आहे का हो?" मी म्हटलं, लेन्समध्ये काही नाही. मग त्यानं बोटांनी ते छोटं चाक बाहेर ओढलं.

मी त्याचा हात धरला. जरा जोरातच धरला असेन, कारण तो घाबरला. चाक परत आत दाबलं आणि त्याला म्हटलं, माफ करा, द्यायचा नाही. त्याला चहा दिला. पिऊन गेला बिचारा.

कार्ड तसंच आहे. खटपट्या, तू लिहिलंस ते बरोबर आहे, फोटो बिघडला की दोष सामानाला. मी तर सामान सोडून माणसापर्यंत गेलो होतो.

उन्हाळ्याच्या आत मला निघता येणार नाही. टाकीवर घारीनं काड्या आणायला सुरुवात केली आहे आणि मला ते सोडून यायचं नाही. तुम्हीच दोघं या. घरटं दाखवतो. तुझा नंबरही मायनस, ताईसारखाच, तेव्हा कॅमेऱ्यातून बघायचं असेल तर चष्मा घालून बघ. तरी धूसर दिसलं तर दिसू दे. चाकाला हात लावायचा नाही.

तुमचा,
भाऊजी